हृदयाला यंत्र लावण्यापूर्वी मूत्रपिंडाचेही विचारा

२०१९ च्या पावसाळ्यातली गोष्ट. पहाटेचे चार वाजले होते. एका मोठ्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो होतो. आत आमचे साडू होते. वय ५२, कारखान्यात लेथवर काम करणारे. आदल्या सकाळपासून त्यांच्या छातीत जळजळत होते. पित्त असेल म्हणून त्यांनी सोडा घेतला, पहिली पाळी पुरी केली, घरी येऊन पडून राहिले. रात्री नऊच्या सुमारास घामाने कपडे भिजले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा कुठे रिक्षात घालून त्यांना रुग्णालयात आणले.

डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, दमलेले होते. म्हणाले, "झटका मोठा आहे. बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली आहे, पण रक्तदाब टिकत नाही. पेशंट शॉकमध्ये आहे. लघवी जवळजवळ बंद आहे. बलून पंप लावावा लागेल. इथे सही करा."

आमच्या मेव्हणीने आमच्याकडे पाहिले. "दाजी, फुगा तर मघाशीच घातला ना? आता परत कसला फुगा? आणि दुखणं छातीचं, तर हे सारखं लघवीचं काय विचारतायत?"

आम्ही बी.कॉम. झालेलो. कचेरीत वीस वर्षे आवक-जावक आणि बिले पाहत आलेलो. वस्तीत कुणाचा अर्ज अडला, कुणाचा दाखला राहिला की लोक आमच्याकडे येतात. पण त्या रात्री मेव्हणीच्या दोन साध्या प्रश्नांना आमच्याजवळ उत्तर नव्हते. सही केली ती न समजता केली. पुढे एकोणीस दिवस त्या बाकावर काढले, डॉक्टरांना व सिस्टरना विचारत राहिलो, नंतरही विचारत आणि वाचत राहिलो. त्यातून जे समजले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत. आम्ही डॉक्टर नाही. उपचार डॉक्टरांनीच ठरवायचे. मात्र सही कशावर करतो आहोत हे घरच्या माणसाला समजले पाहिजे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

छातीचे दुखणे, लघवीची चौकशी

मूत्रपिंडे दोन, मुठीएवढी, कमरेच्या वर पाठीकडे असतात. आकाराने लहान, पण हृदय जेवढे रक्त फेकते त्याचा सुमारे पाचवा हिस्सा या दोघांकडे जातो. म्हणजे मिनिटाला साधारण एक लिटर. दिवसभरात ती सुमारे १८० लिटर पाणी गाळतात, त्यातले बहुतेक सगळे शरीराला परत देतात आणि दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर टाकतात. एवढे काम करायचे तर रक्ताचा पुरवठा चालू हवा आणि दाबही हवा.

चाळीतल्या पाण्याच्या पंपाचे उदाहरण घ्या. पंप कमजोर झाला की वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. हृदय कमजोर झाले की मूत्रपिंडाला तसेच रक्त कमी पडते. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू लोकांच्या लक्षात येत नाही. हृदय पुढे रक्त ढकलू शकले नाही की मागे रक्त तुंबते. फुप्फुसात पाणी साचते, पायांवर सूज येते, आणि मूत्रपिंडातून बाहेर पडणाऱ्या शिरेतही दाब वाढतो. तुंबलेल्या मोरीत वरून कितीही पाणी ओता, निचरा होत नाही, तशी मूत्रपिंडाची गत होते. पुढून पुरवठा कमी आणि मागून तुंबारा, अशा दोन्ही बाजूंनी ते कोंडीत सापडते. मूत्रपिंड थकले की पाणी आणि मीठ शरीरातच राहते, त्याचा भार पुन्हा हृदयावर पडतो. असे हे चक्र आहे.

म्हणून अतिदक्षता विभागात सिस्टर दर तासाला लघवीची पिशवी पाहून आकडा लिहितात. किती पाणी व सलाईन आत गेले आणि किती बाहेर आले, याचा तक्ता असतो. आमच्या कचेरीतल्या आवक-जावक रजिस्टरसारखाच तो आहे. ६० किलो वजनाच्या माणसाला तासाला साधारण ३० मिलीलिटर तरी लघवी व्हावी, असा ढोबळ हिशेब डॉक्टर धरतात. रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन पाहतात. धडधाकट माणसात ते साधारण १.३ च्या आत असते. परंतु क्रिएटिनिन उशिरा वाढते; लघवी आधीच कमी झालेली असते. म्हणून पिशवीतला आकडा ही पहिली खबर असते. मेव्हणीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हे असे होते.

'शॉक' या शब्दानेही आपली माणसे घाबरतात. विजेचा किंवा मनाला बसलेला धक्का असा त्याचा अर्थ इथे नाही. हृदयाचा जोर इतका कमी पडला आहे की मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांना पुरेसे रक्त मिळत नाही, अशा अवस्थेला डॉक्टर शॉक म्हणतात. हातपाय गार पडणे, माणूस गुंगीत जाणे, लघवी थांबणे ही त्याची चिन्हे होत.

हा फुगा वेगळा, तो फुगा वेगळा

पहिला फुगा अँजिओप्लास्टीचा. तो हृदयाच्या बंद रक्तवाहिनीत नेऊन फुगवतात, वाट मोकळी करतात, बहुधा तिथे स्टेंट बसवतात आणि फुगा काढून घेतात.

दुसरा फुगा म्हणजे बलून पंप. जांघेतल्या धमनीतून एक लांबट फुगा छातीतल्या महाधमनीपर्यंत नेतात. डाव्या हाताकडे जाणारी शाखा आणि मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या शाखा यांच्या मधल्या भागात तो ठेवतात. हृदय सैल पडले की फुगा फुगतो आणि रक्त हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्यांकडे व पुढे शरीराकडे लोटतो. हृदय आकसायच्या क्षणी तो बसतो, त्यामुळे हृदयाला रक्त बाहेर टाकायला जोर कमी लागतो. फुगवायला हेलियम वायू वापरतात, कारण तो हलका असल्याने बारीक नळीतून झटकन ये-जा करतो. फुगा सरकून खाली आला तर मूत्रपिंडाचीच वाट अडू शकते, म्हणून त्याची जागा एक्स-रे काढून तपासतात. पाय वाकवू देत नाहीत आणि त्या पायाची नाडी वरचेवर बघतात, कारण पायाचा रक्तपुरवठा कमी होण्याचा धोका असतो.

या फुग्याची मदत तशी थोडी असते. काम हृदयालाच करावे लागते.

याहून जोरकस यंत्रे आहेत. 'इम्पेला' हा नळीच्या टोकावर बसवलेला चिमुकला पंप. जांघेतूनच तो थेट हृदयाच्या डाव्या कप्प्यात नेतात. मिनिटाला हजारो फेरे घेऊन तो तिथले रक्त ओढतो आणि महाधमनीत सोडतो. 'एक्मो' हे शरीराबाहेरचे यंत्र. मोठ्या शिरेतून रक्त बाहेर काढायचे, त्यात प्राणवायू मिसळायचा आणि धमनीतून परत आत सोडायचे, असे ते हृदय आणि फुप्फुस दोघांचे काम काही दिवस करते. ही यंत्रे मोजक्या मोठ्या केंद्रांत मिळतात आणि त्यांचा खर्च सामान्य कुटुंबाला झेपणारा नसतो.

दोन्ही यंत्रांमागे एकच माणूस

या विषयाचा इतिहास वाचताना आम्हाला एक गोष्ट फार लक्षणीय वाटली. मूत्रपिंडाचे यंत्र आणि हृदयाला आधार देणारी यंत्रे, या दोन्हींच्या मुळाशी एकाच डॉक्टरांचे नाव येते. डॉ. विलेम कोल्फ हे ते नाव. जन्म १९११, देश हॉलंड.

तरुणपणी ग्रोनिंगेनच्या रुग्णालयात असताना मूत्रपिंड निकामी झालेला एक २२ वर्षांचा मुलगा त्यांच्या डोळ्यांसमोर गेला. त्याच्या शेतकरी आईला ती बातमी सांगण्याचे काम कोल्फ यांच्यावर आले. रक्तातली घाण रोज थोडी तरी बाहेर काढता आली असती तर हा मुलगा जगला असता, हा विचार त्यांच्या मनातून गेला नाही. पुढे हॉलंड जर्मन नाझींच्या ताब्यात गेला. सामान मिळत नव्हते. अशा काळात कांपेन या लहान गावात १९४३ साली कोल्फ यांनी लाकडी पट्ट्यांच्या फिरत्या पिंपावर सॉसेजसाठी वापरतात ती सेलोफेनची नळी गुंडाळली आणि डायलिसिसचे यंत्र उभे केले. पहिली दोन वर्षे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ साली एक ६७ वर्षांची बाई त्या यंत्रावर शुद्धीवर आली आणि पुढे काही वर्षे जगली. ती नाझींना सामील असल्याच्या आरोपाखाली कैदेत होती. गावातल्या लोकांना तिच्याबद्दल प्रेम असण्याचे कारण नव्हते. कोल्फ यांनी रुग्ण पाहिला, कैदी पाहिला नाही.

नंतर ते अमेरिकेत गेले. क्लीव्हलँड येथे १९६२ साली डॉ. मूलोपूलोस व टोपाझ या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी महाधमनीत फुगा ठेवून हृदयाला मदत करण्याची कल्पना मांडली. त्या दिशेने काम करून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात डॉ. एड्रियन कँट्रोविट्झ यांनी १९६७ साली असा फुगा माणसाला प्रथम लावला. रुग्ण एक स्त्री होती, झटक्यानंतर शॉकमध्ये गेलेली. काही तास फुगा चालला आणि ती वाचली. कोल्फ पुढे युटा विद्यापीठात गेले. १९८२ साली तिथे बार्नी क्लार्क यांना कायमसाठी म्हणून कृत्रिम हृदय बसवले गेले. ते ११२ दिवस जगले. कोल्फ २००९ साली वारले.

मूत्रपिंडापासून सुरुवात केलेला माणूस हृदयापर्यंत पोचला, हे आम्हाला उगाच वाटत नाही. एकाला सांभाळायचे तर दुसऱ्याकडे पाहावेच लागते.

आकडे काय सांगतात

आपल्याकडे समजूत अशी की यंत्र जितके मोठे आणि महाग, तितका माणूस वाचण्याची खात्री जास्त. मोठ्या चाचण्यांचे आकडे वाचून आमची ही समजूत दूर झाली.

१९९९ साली एका चाचणीत दिसले की झटक्यानंतर शॉकमध्ये गेलेल्या रुग्णाची बंद वाहिनी लवकर उघडली तर सहा महिन्यांनंतर जगलेल्यांचे प्रमाण जास्त असते. आजही या उपचाराचा पाया तोच आहे. वाहिनी आधी उघडायची, यंत्राचा विचार त्याच्या जोडीने करायचा.

बलून पंपाविषयी जर्मनीतील ६०० रुग्णांची चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. ३० दिवसांत फुगा लावलेल्यांपैकी ३९.७ टक्के दगावले, न लावलेल्यांपैकी ४१.३ टक्के. फरक नगण्य. तेव्हापासून प्रत्येक शॉकच्या रुग्णाला सरसकट फुगा लावू नये असे मत झाले. काही ठरावीक अडचणींत तो अजूनही वापरतात.

एक्मोची चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. सुमारे ४२० रुग्ण. मृत्यूचे प्रमाण एक्मो लावलेल्यांत ४७.८ टक्के, न लावलेल्यांत ४९ टक्के. इथेही फरक नाही. उलट रक्तस्राव जास्त झाला.

इम्पेलाची चाचणी डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटनमध्ये झाली आणि २०२४ साली प्रसिद्ध झाली. मोठा झटका येऊन शॉकमध्ये गेलेले निवडक ३५५ रुग्ण. १८० दिवसांत पंप लावलेल्यांपैकी ४५.८ टक्के दगावले, न लावलेल्यांपैकी ५८.५ टक्के. म्हणजे निवडक रुग्णांत या यंत्राने खरोखर जीव वाचले. मात्र याच चाचणीत डायलिसिससारखा उपचार पंप लावलेल्यांपैकी ४१.९ टक्के रुग्णांना लागला, न लावलेल्यांपैकी २६.७ टक्के. रक्तस्राव आणि पायाच्या तक्रारीही पंपवाल्यांत जास्त होत्या.

हा हिशेब नीट वाचावा. हृदयाला आधार मिळाला म्हणून मूत्रपिंड आपोआप सुधारेल असे नाही. वेगाने फिरणाऱ्या पंपात तांबड्या पेशी फुटतात, त्यांतले द्रव्य मूत्रपिंडात जाते आणि लघवी चहासारखी होते. रक्तस्राव झाला तरी मूत्रपिंडाला झळ बसते. अँजिओग्राफीचे औषध आणि जुना मधुमेह यांचीही भर पडते. जमेच्या बाजूला जीव आहे, खर्चाच्या बाजूला मूत्रपिंडावरचा ताण आहे. कोणत्या रुग्णात कोणती बाजू जड होईल हे डॉक्टरांनी ठरवायचे असते, आणि आपण ते विचारायचे असते.

दोन घरांची हकीकत

आमच्या साडूंना फुगा चार दिवस होता. मूत्रपिंडे थांबलीच होती, तीन वेळा डायलिसिस करावे लागले. क्रिएटिनिन ४.८ पर्यंत गेले. दहाव्या दिवशी सकाळी आम्ही कचेरीत असताना मेव्हणीचा फोन आला, "दाजी, आज दोनशे मिली झाली!" आमच्या टेबलाशेजारच्या सहकाऱ्यांना कळेना की दोनशे मिली कशाची आणि आम्ही डोळे का पुसतो आहोत. एकोणिसाव्या दिवशी साडू घरी आले. आता लेथवर उभे राहत नाहीत, स्टोअरमध्ये हलके काम करतात. ते फुग्याने वाचले, वाहिनी उघडल्याने वाचले की डायलिसिसने सावरले, हे आम्ही सांगू शकत नाही. पतपेढीचे कर्ज आणि मेव्हणीच्या पाटल्या मात्र त्यात गेल्या.

दुसरे घर आमच्या शेजारच्या चाळीतले. २०२३ साल. निवृत्त वॉचमन बाबा, वय ७४. हृदय आठ वर्षांपासून कमजोर, मधुमेह जुना, मूत्रपिंडे आधीच बरीच निकामी. श्वास लागला म्हणून दाखल केले. मोठ्या यंत्राची गोष्ट निघाली. मुलगा खोली गहाण टाकायला निघाला. आम्हाला म्हणाला, "काका, बापासाठी एवढंही केलं नाही असं लोक म्हणतील."

या वेळी आम्ही डॉक्टरांना विचारले, "साहेब, यंत्र लावून जे दिवस मिळतील, ते कशासाठी? त्या दिवसांत काय बरे होणार आहे?" डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि खरे सांगितले. उघडण्यासारखी वाहिनी नव्हती. हृदय परत सुधारेल अशी आशा नव्हती. वय आणि मूत्रपिंडे पाहता नवे हृदय किंवा कायमचा पंप शक्य नव्हता. यंत्र काढायची वेळ पुन्हा इथेच आणून ठेवणार होती. मुलाने आईशी, बहिणींशी बोलून यंत्राला नकार दिला. श्वासाचा त्रास कमी करणारी औषधे चालू ठेवली. पाचव्या दिवशी बाबा गेले. नातवंडे जवळ होती, बाबा शेवटपर्यंत त्यांना नावाने हाक मारत होते.

जलदान विधीच्या दिवशी मागच्या रांगेत कुजबूज झालीच, "पैसे वाचवले." ही कुजबूज आम्हाला त्या आजाराइतकीच वाईट वाटते. पहिल्या घराने होकार दिला तो प्रेमापोटी, दुसऱ्या घराने नकार दिला तोही प्रेमापोटीच. समजून घेतलेल्या निर्णयाला समाजाने दूषण देऊ नये.

सही करण्यापूर्वी काय विचारावे

वेळ थोडा असतो हे खरे. तरी पाच मिनिटांत हे प्रश्न विचारता येतात. घरातल्या एकाच माणसाने बोलावे, सगळ्यांनी गलका करू नये.

१. मूळ बिघाड काय आहे? तो दुरुस्त होण्यासारखा आहे का, आणि ते काम झाले का?

२. यंत्र कोणते, आणि ते किती दिवस ठेवावे लागेल असा अंदाज आहे?

३. त्या दिवसांत काय व्हायची वाट पाहायची? हृदय सावरण्याची, शस्त्रक्रियेची, की मोठ्या रुग्णालयात हलवण्याची?

४. मूत्रपिंडे आजारापूर्वी कशी होती? जुना क्रिएटिनिनचा रिपोर्ट घरी असेल तर तो ताबडतोब आणून दाखवावा. बिघाड नवा असेल तर भरून येण्याची आशा जास्त, जुना असेल तर कमी.

५. डायलिसिस लागण्याची शक्यता किती? लागले तर तात्पुरते की कायमचे?

६. पाय, रक्तस्राव, मेंदू यांना काय धोका आहे?

७. उपयोग होत नाही असे दिसले तर कधी आणि कसे थांबवायचे?

८. रोजचा खर्च किती, आणि तो कोणत्या योजनेत बसतो?

आणखी एक गोष्ट भेटायला येणाऱ्यांसाठी. आपण रुग्णाला शहाळे, मोसंबी, केळी घेऊन जातो. मूत्रपिंड थांबलेल्या रुग्णाला हेच घातक ठरू शकते. त्यात पोटॅशियम भरपूर असते, ते रक्तात वाढले तर हृदय अचानक बंद पडू शकते. "पाणी पाजा म्हणजे लघवी होईल" हाही सल्ला देऊ नये. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितले असेल तर घोटभरही जास्त देऊ नये. जायचेच असेल तर बाहेर बसलेल्या माउलीसाठी भाकरीचा डबा न्यावा.

पैशाची वाट

महाराष्ट्रात २०१२ साली सुरू झालेली जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण ठेवले आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राची खिडकी असते. दाखल करतानाच रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन तिथे जावे आणि कोणता उपचार योजनेत बसतो, कोणते सामान बसत नाही, हे विचारून घ्यावे. पैसे भरून झाल्यावर गेलात तर काम अवघड होते. कामगार विमा लागू असेल तर त्याचे कार्ड सोबत ठेवावे.

धर्मादाय रुग्णालयांना कायद्याने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीने द्याव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला घेऊन अर्ज करावा. हा दाखला आजारपणात धावत काढायचा नसतो. आजच काढून पेटीत ठेवा. तलाठी किंवा तहसील कचेरीतले काम अडत असेल तर वस्तीतल्या कार्यकर्त्याला हक्काने सांगा.

ही वेळ येऊ नये म्हणून

छातीत जळजळ, दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, यांपैकी काही झाले आणि काही मिनिटांत थांबले नाही, तर सोडा घेऊन झोपू नये. लगेच ईसीजी काढावा. १०८ क्रमांकाला फोन करावा. आमच्या साडूंनी जे बारा-तेरा तास घालवले, त्याची किंमत पुढे सगळ्या घराने मोजली. गेलेले हृदयाचे स्नायू कोणतेही यंत्र परत आणत नाही.

ज्यांना हृदयाचा अशक्तपणा आधीच आहे त्यांनी रोज सकाळी वजन करावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अंगावर चढलेले मांस नसते, साचलेले पाणी असते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पाणी काढण्याची गोळी "सारखं उठावं लागतं" म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नये. मीठ, लोणचे, पापड, सुके बोंबील बेताने खावेत. गुडघे-कंबरदुखीसाठी मेडिकलमधून आणून खाल्ल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत. कमजोर हृदयात त्या मूत्रपिंडाला इजा करतात आणि पाणी साचवतात. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करून रिपोर्ट जपून ठेवावा. आधी सांगितलेल्या चौथ्या प्रश्नाचे उत्तर त्या एका कागदात असते.

आमची मेव्हणी सातवीपर्यंत शिकलेली. आज तिच्या घरी देवळीत एक वही आहे. तारीख, वजन, पाणी, लघवी, असे चार रकाने तिने पट्टीने आखले आहेत. साडू कुरकुरतात, पण वजनकाट्यावर उभे राहतात. आमच्या कचेरीतली कितीतरी रजिस्टरे आम्ही पाहिली. एवढे नेटके ठेवलेले रजिस्टर क्वचित पाहिले. प्रत्येक हृदयरुग्णाच्या घरी अशी एक वही असावी, आणि ती पोराबाळांना वाचता यावी, एवढीच आमची विनंती आहे.